पहारीवरचं सोनं

१

"आणि ही पाहा आपल्या उपनगराची सगळ्यात जुनी खूण!" असं म्हणून जयवंतीबाई पोंक्षे यांनी मागे न बघताच भिंतीकडे हात केला.

दर दसऱ्याला त्या असाच हात करत आणि समोरची मंडळी कौतुकानं "वा!" म्हणत. यंदा कुणी वा म्हटलं नाही. मराठी मंडळाच्या चिटणिसांचा, उमाकांत आठल्यांचा, जबडा खाली आला. एका बाईंच्या हातातून फराळाचा डबा निसटला आणि करंज्या फरशीवर घरंगळल्या. जयवंतीबाई वळल्या.

भिंतीतल्या कोरीव शिळेच्या जागी भगदाड होतं.

त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. भगदाड तिथेच होतं.

चुण्णांबुमेडु हे तमिळ मुलखात एन्नोरच्या वाटेवरचं कारखान्यांचं उपनगर. चुण्णांबु म्हणजे तमिळमध्ये चुना. इथे पूर्वी समुद्रावरचे शिंपले भाजून चुना करत, म्हणून हे नाव. आता चुन्याच्या भट्ट्या पडल्या, ओतशाळा आल्या, आणि वाळत घातलेल्या धोतरापासून देवळाच्या कळसापर्यंत सगळ्यावर काजळी बसू लागली. अशा ठिकाणी बघायला काय ठेवलंय, असं लोक विचारत. जयवंतीबाईंना त्याचाच राग. नवरा इथल्या वीजकेंद्रात, स्वतः रेल्वेच्या भांडारात माल तपासणीवर, असा सगळा जन्म इथे गेला. निवृत्त झाल्यावर त्यांनी मंडळाच्या सीमोल्लंघनाला वळण लावलं. दसऱ्याला नुसतं वेशीपर्यंत जाऊन परतायचं नाही, तर आपलं उपनगर पायी बघायचं. रेल्वेचं फाटक, मिठागरं, चुन्याच्या भट्ट्या आणि शेवटी हे छत्र.

तंजावरच्या राजांच्या काळात यात्रेकरूंसाठी बांधलेली धर्मशाळा म्हणजे हे छत्र. निदान भिंतीतली मराठी शिळा तसं सांगत होती. शेजारच्या वर्कशॉपला लॉऱ्यांसाठी रुंद फाटक हवं होतं आणि छत्र नेमकं मध्ये येत होतं. उद्या, सोमवारी, पुरातत्त्व खात्याच्या बाई शिळा बघायला येणार होत्या. शिळा खरी ठरली तर छत्र राहणार, नाहीतर आठवड्याच्या आत बुलडोझर.

आणि आज शिळाच नव्हती.

तेवढ्यात मागून हंबरडा ऐकू आला. बालाजीराव भगदाडापुढे मटकन बसले होते.

२

बालाजीराव तंजावरकडच्या जुन्या मराठी घराण्यातले. वर्कशॉपच्या भांडारावर त्यांनी नोकरी केली, आणि छत्राची देखभाल वडिलांकडून त्यांच्याकडे आलेली. छत्रात अखंड दिवा लावायचा मान आपल्या घराण्याचा, असं ते दर दसऱ्याला सांगत. तो दिवा कुठे असायचा हे मात्र त्यांनाही ठाऊक नव्हतं. "आज्जी सांगत होती, तेवढेंच," म्हणून ते हसत.

आज ते हसत नव्हते. जयवंतीबाईंनी त्यांना पाणी दिलं.

"वहिनी, हे त्या गुरुराजचंच काम," उमाकांत दात ओठ खात म्हणाले. गुरुराज म्हणजे वर्कशॉपचा मालक. "आता दगड गेला, उद्या छत्र जाईल. सुंठीवाचून खोकला गेला त्याचा!"

माल तपासणीत आयुष्य गेलेल्या बाईला एक खोड असते, वस्तू हातानं बघायची. जयवंतीबाई भगदाडाशी वाकल्या. तासाभरापूर्वीच भट्टीपाशी त्यांनी सगळ्यांना जुना चुना हातात घ्यायला लावला होता. "शिंपल्याचे पांढरे कण बघा. या गावची प्रत्येक जुनी भिंत याच चुन्यानं सांधलेली आहे."

भिंतीच्या विटांमध्ये तो चुना होता. पण शिळा ज्यात बसवली होती तो सांधा करडा होता. गुळगुळीत, टणक आणि करडा.

ते सिमेंट होतं.

दोनशे वर्षांपूर्वी सिमेंट कुणी आणलं? एका जागी सिमेंटचं ढेकूळ शिळेबरोबर उपटून आलं होतं आणि आत बोटभर पोकळी होती. त्यांनी बोट घातलं, ते काळं होऊन बाहेर आलं. या गावात काजळी कुठे नसते, असं मनाशी म्हणत त्यांनी बोट रुमालाला पुसलं.

बाजूच्या विटेवर पहारीचा ओरखडा होता, आणि त्यात पिवळं गंध आणि कुंकू.

"उमाकांत," त्या हळूच म्हणाल्या, "ही पहार पूजेतली आहे."

उमाकांतांचे डोळे विस्फारले. काल नवमी होती, आयुधपूजा. आपल्याकडेही खंडेनवमी असते, पण इथली शिस्त कडक. हत्यारं धुऊन, गंध-कुंकू लावून देवीपुढे मांडायची आणि दशमीच्या सकाळी पुन्हा पूजा झाल्याशिवाय त्यांना हात लावायचा नाही. सुतार खिळा ठोकत नाही, शिंपी कात्री उचलत नाही.

मग पूजेतली पहार कुणी उचलली?

३

वर्कशॉपच्या दारात केळीचे खुंट बांधले होते आणि लॉऱ्यांना झेंडूच्या माळा होत्या. गुरुराज पांढरं शुभ्र वेष्टी नेसून उभा होता. माणसं तावातावानं आलेली बघून तो दोन पावलं मागे सरला.

"अम्मा, मला काही माहीत नाही. मी कोर्टात भांडतोय, चोरून कशाला नेऊ? आणि दगड नेणार कशातून? खिशातून?"

"लॉऱ्या काय शोभेला आहेत?" उमाकांत कडाडले.

जयवंतीबाई मात्र लॉऱ्यांच्या चाकांकडे बघत होत्या. प्रत्येक चाकाखाली एकेक लिंबू ठेवलं होतं. लिंबू चिरडून गाडी पुढे न्यायची, मग ती वर्षभर सुखरूप चालते, ही इथली श्रद्धा. गुरुराजकडे लिंबं नवमीला मांडत आणि गाड्या दशमीला मुहूर्तावर हलवत.

लिंबं सगळी अखंड होती, सालीवर लावलेल्या कुंकवासकट.

"गाड्या हललेल्या नाहीत," त्या म्हणाल्या.

आत देवीच्या तसबिरीपुढे हत्यारांची रांग होती. पाने, हातोडे, करवती, आणि शेवटी भिंतीला टेकवलेली पहार. बाकी हत्यारांवरचं गंध रात्रभरात वाळून तडकलं होतं. पहारीवरचं ओलं होतं. बाकी सगळ्यांवर शेवंतीची फुलं होती. पहारीच्या मुठीपाशी फुलाबरोबर दोऱ्यानं एक पान बांधलेलं होतं, मधोमध दुभंगलेलं. जयवंतीबाईंनी ते निरखून पाहिलं आणि गपकन मुठीत घेतलं.

"रात्री इथे कोण आलं होतं?" त्यांनी पहारेकरी नारायणस्वामीला तमिळमध्ये विचारलं.

"कोणी नाही अम्मा. मी दारातच होतो."

"आणि पहाटे?"

"कोणी नाही. देवीपुढे दिवा तेवत होता, तेल भरलेलं होतं. मी निवांत होतो."

"किल्ली कुणाकडे?"

"माझ्याकडे," तो म्हणाला आणि आपण काय बोलून बसलो ते कळून पांढराफटक पडला.

उमाकांतांनी तेवढंच धरलं. "ऐकलंत? किल्ली याच्याकडे! मालकाच्या सांगण्यावरून यानंच उपटली. मी पोलिसांना फोन करतो."

नारायणस्वामीची बायको सुंदरी धावत आली आणि जयवंतीबाईंचे पाय धरू लागली. त्यांनी तिला उठवलं आणि त्या उमाकांतांकडे वळल्या.

"पोलीस मागून. आधी मला सांगा, तुम्ही ती शिळा मंडळाच्या हॉलमध्ये हलवायची म्हणत होतात ना?"

उमाकांत गोरेमोरे झाले. "वहिनी! माझ्यावर संशय? मी सुरक्षिततेसाठी म्हणत होतो."

"काल नवमीला स्कूटर कुणी खोलली होती, हॉलच्या दारात?"

"मीच. किक बसत नव्हती. त्याचं काय?"

"पाना हातात घेऊन, गावभर हत्यारं पूजेत असताना?"

"आपण पूजा आज दसऱ्याला करतो! त्यांची नवमी त्यांच्यापाशी."

"झालं तर. तुम्ही सुटलात," जयवंतीबाई म्हणाल्या. उमाकांतांना त्यातलं काही कळलं नाही, पण सुटलो एवढं पुरेसं वाटलं.

"पोलिसांना फोन करण्याआधी मला थोडा वेळ द्या," असं सांगून त्या एकट्याच बाहेर पडल्या. छत्राच्या अंगणातून जाताना त्यांची नजर विहिरीकडे गेली आणि त्या थबकल्या. कठडा ढासळलेल्या त्या विहिरीवर बारा महिने हिरव्या शेवाळाची गोधडी असे. आज तिच्या मधोमध काळं पाणी उघडं पडलं होतं.

काखेत कळसा आणि गावाला वळसा. त्यांना हसू यायला हवं होतं, पण डोळे भरून आले. कारण मुठीतलं पान कुणाचं हे त्यांना कळून चुकलं होतं.

४

बालाजीराव आपल्या घराच्या परसात झाडाखाली बसले होते. जयवंतीबाईंनी मूठ उघडून पान त्यांच्यापुढे धरलं.

"हे ओळखता?"

"आपटा आहे, बाई. सोनें."

"बरोबर. मंडळात आज वाटलं ते सोनं कांचनाचं आहे. पार्कातून पोतंभर आणतात आणि आपटा म्हणून खपवतात. तुम्ही दरवर्षी आमची टिंगल करता, की घोड्याच्या कानाएवढ्या पानाला तुम्ही सोनं म्हणता! खरा आपटा बारीक असतो. आणि चुण्णांबुमेडूत खऱ्या आपट्याचं झाड एकच आहे."

बालाजीरावांनी वर बघितलं. डोक्यावर तेच झाड होतं.

"ज्यानं पहार उचलली," जयवंतीबाई म्हणाल्या, "त्यानं आधी ती पुन्हा पुजली. ओलं गंध लावलं, दिव्यात तेल घातलं, मगच हात लावला. उमाकांतना नवमीची पर्वा नाही, ते तशीच उचलून मोकळे झाले असते. गुरुराज पूजा करील, पण पहारीला सोनं बांधणार नाही, ते त्याच्या गावीच नाही. इथली पूजा आणि आपलं सोनं, दोन्ही एकाच हाताला सवयीचं, असं घर इथे एकच आहे. नारायणस्वामी म्हणतो कोणी आलं नाही. तुम्ही दर दशमीला पहाटे वर्कशॉपातल्या देवीपुढे दिवा लावायला जाता, ते येणं त्याच्या लेखी येणंच नव्हे. घरचा माणूस 'कोणी'मध्ये मोडत नाही. लॉऱ्या हलल्या नाहीत, म्हणजे शिळा लांब गेली नाही. ती विहिरीत आहे. सांगा, चुकतेय मी. अहो, सांगा ना!"

चूक निघावी म्हणून त्या मनोमन देवाला विनवत होत्या.

"चोरी करायला गेलों तरी," बालाजीराव सावकाश म्हणाले, "न पुजतां हात लागेना, बाई. काय करूं?"

जयवंतीबाईंनी पान पुन्हा मुठीत मिटलं.

"पण का? तुम्ही? तुम्हीच?"

"तें कल्लु खोटें आहे." त्यांनी तमिळ शब्दच वापरला, शिळा म्हणवेना बहुधा. "मी कॉलेजांत होतों. छत्र पाडायला सरकारी माणसें आलीं. अप्पा सगळ्यांचे पाय धरले, कोण ऐकतो? मग एका शिल्प्याकडून तें करवून आणले, सिमेंटानें बसवले. राजाचें नांव बघून माणसें परत गेलीं. अप्पा मरतांना मला सांगितले, सांभाळ. मी सांभाळलों."

"आणि मला दरवर्षी लोकांपुढे खोटं बोलायला लावलंत!" त्या ओरडल्या. इतका राग त्यांना स्वतःच्या नवऱ्याचाही कधी आला नव्हता. "मी मुलाबाळांना हात लावून बघायला सांगत होते हो ती शिळा!"

"उद्या ती ऑफिसरबाई येणार, सिमेंट बघणार. अप्पा खोटे, मी खोटा, छत्र खोटें. चोरीला गेलेल्या दगडाला खोटा कोण म्हणतो, बाई? गेला म्हणजे खराच होता म्हणतात. पातळ होता. गोणपाटावर ओढत नेला." त्यांनी डोळे पुसले. "पडला तेव्हां आवाज आला. अप्पांनाच ढकलल्यासारखें झालें मला."

"आणि तिकडे नारायणस्वामीला पोलिसांत देतायत, त्याचं काय?"

बालाजीराव ताडकन उठले. "नारायणस्वामीला? अय्यो, त्याला कशाला? त्यानें काय केलें?"

हा विचार त्यांच्या डोक्याला शिवलाच नव्हता. पायांत चपला न घालता ते म्हातारे गृहस्थ वर्कशॉपकडे धावत सुटले.

५

छत्राच्या अंगणात सगळ्यांसमोर बालाजीरावांनी सगळं सांगितलं. नारायणस्वामी त्यांना "सामी, नको, बोलू नका," म्हणून आवरत होता. एवढा वेळ तावातावानं बोलणारे उमाकांत खांबाला टेकून खाली बसले. गुरुराजला आनंद व्हायला हवा होता, पण तोही नुसता बघत राहिला. ज्यांनी लहानपणी आपल्याला हत्यारांची पूजा शिकवली, त्यांना असं हात जोडून उभं राहिलेलं बघणं त्याला झेपेना.

"मग संपलंच," अखेर उमाकांत म्हणाले. "दगड खोटा, म्हणजे छत्राला आधार काहीच नाही. त्या बाईंना फोन करून सांगू, येऊ नका म्हणून."

जयवंतीबाईंनी डोळे टिपायला रुमाल काढला आणि तो तसाच डोळ्यांपुढे धरून राहिल्या.

रुमालावर काळा डाग होता. मघाशी पुसलेला.

त्यांनी तो बोटांनी चोळला. ओतशाळेची काजळी कोरडी असते, फुंकरीनं उडते. ही उडेना. चिकट होती, तेलकट होती. त्यांनी वास घेतला. जुनाट, खवट तेलाचा वास.

सिमेंटनं बंद केलेल्या भिंतीच्या आत काजळी गेली कशी?

"पहार आणा," त्या म्हणाल्या.

"वहिनी, आता कशाला?"

"आज दसरा आहे, पूजा झाली आहे. आज पहार उचलायला कुणाची ना नाही. आणा म्हणते ना!"

नारायणस्वामीनं पहार आणली. त्यांनी दाखवलेल्या जागी त्यानं हलकेच घाव घातला. करड्या सिमेंटचा थर तडकला, मोठी खपली सुटली आणि फरशीवर पडून फुटली. मग आणखी एक.

आत कोनाडा होता.

छोटा, कमानदार, हात आत जाईल एवढा खोल. आतून जुन्या चुन्याचा गिलावा, त्यात शिंपल्यांचे कण चमकत होते. आणि कमानीचा माथा काळा कुळकुळीत होता. एका माणसाच्या आयुष्यात धरत नाही एवढी जाड काजळी, थरावर थर. तळाशी मातीच्या पणतीची खापरं तेलानं चिकटून बसली होती.

बालाजीराव पुढे आले. त्यांनी हात आत घातला आणि तो काळा झालेला हात बघत बसले.

"आज्जीचा दिवा," ते पुटपुटले. "इथें होता. अप्पा तयार खोबण मिळाली म्हणून त्याच्यावरच कल्लु बसवले. आणि मी इथेंच उभा राहून सगळ्यांना सांगत होतों, दिवा कुठें होता ठाऊक नाहीं."

छत्र वाचवायला आणलेल्या खोट्यानंच छत्राचं खरं झाकून टाकलं होतं. दिव्याखाली अंधार असतो हे सगळ्यांनी ऐकलेलं असतं. इथे तर दिवाच अंधारात पुरला होता.

६

सोमवारी पुरातत्त्व खात्याच्या दिव्यश्री आल्या. तरुण होत्या, गंभीर होत्या, आणि त्यांना खोटं सांगायचं नाही असं बालाजीरावांनी ठरवलं होतं. त्यांनी शिल्पी, सिमेंट, विहीर सगळं सांगितलं. जयवंतीबाई शेजारी उभ्या होत्या. आदल्या दिवशीचा राग अजून गेला नव्हता, पण त्या त्यांच्या शेजारीच उभ्या होत्या.

दिव्यश्रींनी कोनाड्यात टॉर्च मारला. काजळीच्या थरावरून त्यांनी नखानं पापुद्रा काढून डबीत भरला, चुना बघितला, पणतीची खापरं बघितली.

"खरं सांगू का, सर?" त्या उठत म्हणाल्या. "शिळा जागेवर असती तर सिमेंट बघून मी दारातूनच परत गेले असते. मागे काय आहे, हे कुणी बघितलंही नसतं. हे तपासायला वेळ लागेल. तोवर या भिंतीला कुणी हात लावायचा नाही. गाडीचा रस्ता दुसरीकडून काढा."

शेवटचं वाक्य गुरुराजसाठी होतं. त्यानं मान डोलावली. कोर्टात एवढ्या सहज त्यानं कधीच डोलावली नव्हती.

दिव्यश्रींनी पेन काढलं. "कोनाडा कुणी शोधला? नाव लागेल मला."

सगळे जयवंतीबाईंकडे बघू लागले. उमाकांतांनी तर "पोंक्षे, जयवंती," असं सांगायला तोंडही उघडलं. जयवंतीबाईंनी बालाजीरावांकडे पाहिलं. ते मान खाली घालून आपल्या काळ्या पडलेल्या तळव्याकडे बघत होते. सकाळी त्यांनी तो धुतलाच नव्हता.

"ज्यांनी पहार पहिल्यांदा उचलली, त्यांचं लिहा," त्या म्हणाल्या. "पुजून उचलली होती."